आभासी यंत्र आणि आज्ञेची मर्यादा

संगणकातील आभासी यंत्राची घडण टंकलिखित आज्ञेने बदलण्याची पद्धत बरीच जुनी आहे. आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील केंद्रात १९६४ साली रॉबर्ट क्रीसी व त्यांचे सहकारी यांनी सीपी-४० या प्रणालीचे काम हाती घेतले. एकाच संगणकावर प्रत्येक वापरकर्त्यास स्वतंत्र संगणकाचा प्रत्यय यावा, हा तिचा हेतू होता. याच परंपरेतून १९७२ साली व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर झाली.

तीत ‘डिफाइन स्टोरेज’ ही आज्ञा देताच यंत्राच्या स्मृतीचे प्रमाण बदलत असे. कमाल मर्यादा मात्र व्यवस्थापकाच्या नोंदीत आधीच ठरलेली असे. या आज्ञेसरशी स्मृतीतील सर्व मजकूर पुसला जाई आणि कार्यप्रणाली नव्याने सुरू करावी लागे. याचे कारण उघड आहे. कार्यप्रणाली आरंभीच उपलब्ध स्मृतीची मोजणी करते व पुढील सारा व्यवहार त्या मोजणीच्या भरवशावर चालविते.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये हाच भेद दोन आज्ञांत विभागलेला आढळतो. स्मृतीचे प्रमाण ‘मॉडिफायव्हीएम’ने बदलते, पण त्यासाठी यंत्र बंद असावे लागते. चालू यंत्राच्या जाळ्याची जोडणी तोडण्यासारखे बदल ‘कंट्रोलव्हीएम’कडे सोपविलेले आहेत. पूर्वी आज्ञा पाळली जाई आणि चालू काम नष्ट होई; आता चालू यंत्रापुरती ती आज्ञाच नाकारली जाते. वापरकर्त्याचे न जतन केलेले काम राखण्याची जबाबदारी अशा रीतीने काही अंशी त्याच्या सावधपणाकडून आज्ञांच्या रचनेकडे आली, असे म्हणता येईल.