ट्रॅक टायर (हौशी मोटार शर्यतींचे)

हौशी चालकांच्या स्पोर्ट्‌स कार स्पर्धांत वापरले जाणारे, मऊ रबराचे, जास्त पकड देणारे टायर. निवडीची सुरुवात नियमपुस्तकापासून होते. अमेरिकेतील एससीसीए (स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका, स्थापना १९४४) ही संस्था ऑटोक्रॉसच्या (शंकूंनी आखलेल्या मार्गावरील वेळेविरुद्धच्या शर्यतीच्या) ‘स्ट्रीट’ वर्गात किमान २०० ट्रेडवेअर (झीज-प्रतिकार) अंक मागते. हा अंक उत्पादक स्वतःच जाहीर करतो. त्यामुळे २०० अंकाचे दोन टायर सारखीच पकड देतील असे मुळीच नाही.

खरा कस लागतो तो तापमानात. ऑटोक्रॉसची फेरी साधारण मिनिटभराची, तिथे थंड असतानाच रस्ता धरणारा टायर हवा. वीस मिनिटांच्या सर्किट सत्रात मात्र असा टायर जास्त तापून पकड सोडू लागतो. हूजियर कंपनीने म्हणूनच ऑटोक्रॉससाठी ए७ आणि सर्किटसाठी आर७ असे वेगळे टायर आणले.

नवशिक्याने स्लिकची (खाचा नसलेल्या गुळगुळीत शर्यती टायरची) घाई करू नये. पकड सुटण्यापूर्वी ते फारच कमी इशारा देतात.