सुरतेची मोटार आणि तिचा रोजचा खर्च

सुरतेच्या संपत्तीची गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. १६६४ आणि १६७० ही दोन साले आपल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. आज त्याच शहराच्या संपत्तीतील एका लहानशा, चार चाकांवर धावणाऱ्या भागाचा हिशेब मांडावयाचा आहे. हिरे, जर आणि कृत्रिम रेशीम यांवर वाढलेले हे व्यापारी शहर. येथला गिऱ्हाईक मोटार पाहावयास गेला म्हणजे रंग आणि वेग यांच्याआधी दोन गोष्टी विचारून घेतो. गाडी अ‍ॅव्हरेज किती देते, आणि तिचे स्पेअर कोठे मिळतात? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुकानदार देतो. दुसऱ्याचे उत्तर मात्र काळच देतो, आणि ते मिळेपर्यंत पैसे भरून झालेले असतात.

या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास सुरतेत सुरू होत नाही. तो मुंबईस, कुर्ल्याला सुरू होतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून तिची पहिली वाहने बाहेर पडली. पुढे इटलीतील फियाट कंपनीशी करार होऊन १९५४ पासून फियाट ११०० ही मोटार तेथे तयार होऊ लागली. सुरत तेव्हा मुंबई राज्यातच होती. कलकत्त्याकडची अँबॅसडर अधिक प्रशस्त आणि दणकट खरी. परंतु मुंबई-अहमदाबाद रस्त्यावरच्या डॉक्टर, वकील आणि व्यापारी मंडळींना लहान, सुटसुटीत आणि कमी पेट्रोल पिणारी फियाट मानवली. लिटरला दहा-बारा किलोमीटर म्हणजे त्या काळी बरीच समजली जाई.

ही मोटार मिळविणे हेच एक मोठे प्रकरण होते. १९५९ च्या नियंत्रण हुकुमाने नव्या मोटारींची वाटणी सरकारी नियमांखाली आली. नाव नोंदवावयाचे, अनामत रक्कम भरावयाची आणि वर्षानुवर्षे वाट पाहावयाची. परिणाम असा झाला की वापरलेली गाडी नव्या गाडीच्या ठरीव किमतीपेक्षा अधिक भावाने विकली जाऊ लागली! ज्या बाजारात गिऱ्हाईक रांगेत उभे असते त्या बाजारात कारखानदाराला दर्जाची फिकीर कशाला? नव्या गाडीचे दरवाजे नीट लागत नाहीत, पत्र्याला गंज चढतो, पाणी आत गळते, अशा तक्रारी इतक्या वाढल्या की १९६० नंतरच्या दशकात मोटारींच्या दर्जाची चौकशी करण्यासाठी केंद्र सरकारला समिती नेमावी लागली. किमतींचा वाद तर थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या काळचे मालक शोरूममधून आणलेली गाडी आधी देवळापाशी नेत आणि मग मिस्त्रीकडे. नारळ एकीकडे, आणि सैल राहिलेले नट-बोल्ट आवळून घेणे दुसरीकडे.

आणि तरीही याच गाड्या पंचवीस-तीस वर्षे चालल्या. हे कोडे उलगडावयाचे असेल तर गॅरेजात डोकावले पाहिजे. फियाटमध्ये मिस्त्रीला न कळणारे असे काहीच नव्हते. कार्बोरेटर उघडून फुंकून साफ करता येई, डेल्कोचे पॉइंट सॅण्डपेपरने घासून पुन्हा बसविता येत, इंजिन धूर टाकू लागले की बोअरिंग करून रिंग-पिस्टन बदलले म्हणजे गाडीला नवा जन्म मिळे. उन्हाळ्यात लांबच्या प्रवासात पंपातल्या पेट्रोलची वाफ होऊन गाडी मध्येच थांबे. तेव्हा पंपावर ओले फडके टाकून पंधरा मिनिटे झाडाखाली बसावयाचे, एवढाच उपाय. सुरतेसारख्या गावी, जेथे मागांची आणि यंत्रांची दुरुस्ती हा रोजचा व्यवसाय, तेथे एखादे बुश लेथवर घडवून घेणे काही कठीण नव्हते. गाडी वारंवार बिघडे, पण बिघाड स्वस्तात सुटे. विश्वासार्हता यंत्रात थोडी आणि यंत्राभोवतीच्या माणसांत पुष्कळ होती, असे त्या काळाविषयी माझे मत आहे. १९७४ पासून पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली हीच फियाट मुंबईत टॅक्सी म्हणून किती टिकली पाहा. तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. कारखाना त्याच्या कितीतरी आधी थंडावला होता.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हिशेब पालटला. रोज सकाळी एका किल्लीत सुरू होणारी मोटार ही मध्यम स्थितीच्या माणसाला नवलाईच होती. मिस्त्रीच्या खेपा कमी झाल्या, लिटरमागचे किलोमीटर वाढले. या गाडीविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे अधिक सांगण्याचे कारण नाही.

सुरतेचे स्वतःचे असे जे वैशिष्ट्य, ते इंधनात आहे. शहराला लागूनच हजिरा आहे. अरबी समुद्रातील वायू तेथे किनाऱ्याला लागतो, आणि १९८० नंतरच्या दशकात तेथूनच उत्तरेकडे विजयपूर-जगदीशपूरपर्यंत नळ टाकले गेले. दाराशी वायू असल्यावर सुरतेच्या रिक्षा आणि मोटारी त्यावर चालू लागल्या यात नवल नाही. पेट्रोलच्या मानाने किलोमीटरमागचा खर्च कमी येतो, हे खरे. पण सुरतेचा हिशेबी माणूस खर्चाच्या बाजूलाही आकडे मांडतो. सिलिंडरने सामानाची जागा जाते. त्याची दर तीन वर्षांनी दाबाची तपासणी करून घ्यावी लागते. चढावर गाडी सुस्तावते. कोरड्या वायूमुळे जुन्या इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजतात. आणि पंपावरील रांगेत गेलेला वेळ कोणत्याच वहीत लिहिला जात नाही. रोज साठ-सत्तर किलोमीटर फिरणाऱ्याला गॅस तारतो. आठवड्यातून एकदा बाहेर पडणाऱ्याला किटचे पैसे वसूल होण्याआधी गाडी विकावी लागते.

येथे आपल्या खानदेशी बांधवांची आठवण होणे साहजिक आहे. लिंबायत, उधना, पांडेसरा, दिंडोली या भागांत धुळे-जळगाव-नंदुरबारकडची हजारो कुटुंबे कामधंद्यासाठी वसली आहेत. आखाजी आणि दिवाळीला ती गावाकडे निघतात. वाट बारडोली, व्यारा, सोनगड अशी नवापूरला येते, आणि पुढे विसरवाडीहून कोंडाईबारीचा घाट चढून साक्री, धुळे. लिंबायतमधल्या माणसाने घेतलेली जुनी मोटार शहरात किती देते याला फारसे महत्त्व नसते. पाच माणसे, दोन पोती आणि टपावरची ट्रंक घेऊन ती कोंडाईबारी चढते की नाही, ही तिची परीक्षा. नवापूरला आणखी एक गंमत आहे. तेथले रेल्वेस्थानक अर्धे गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात आहे, आणि पेट्रोलचे भावही असेच रेषेवर तुटतात. मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हा गुजरातेत ते नव्वदीच्या घरात होते. भूमी तीच, तेल तेच, फरक फक्त राज्याच्या कराचा. गावी जाणारा सुरतकर सोनगडच्या अलीकडेच टाकी भरून घेतो, हे कोणी शिकवावे लागत नाही.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेले पाणी शहरात शिरले आणि सुरतेचा फार मोठा भाग काही दिवस बुडून राहिला. त्या पुरात माणसांचे जे हाल झाले त्यापुढे मोटारींची कथा क्षुल्लक आहे. पण मोटारमालकांना त्या आठवड्याने जो धडा दिला तो पुढे वर्षानुवर्षे पुरला. जुन्या फियाटमध्ये पाणी शिरले तर कॉइल, डेल्को आणि प्लग वाळवून, ऑइल बदलून ती पुन्हा चालवता येई. नव्या गाडीचा मेंदू म्हणजे एक विद्युत पेटी. ती भिजली की दुरुस्ती नाही, बदलणेच. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे पाणी ओसरताच अधीरपणे किल्ली फिरविणे. सिलिंडरात शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही. दट्ट्या अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि क्षणार्धात इंजिन निकामी होते. पुराने झालेले नुकसान विम्यात बसते. परंतु पाण्यात इंजिन सुरू केल्याने झालेले नुकसान हा मालकाचा निष्काळजीपणा, असा पवित्रा विमा कंपन्या घेतात. पुढे इंजिनाच्या रक्षणासाठी निराळा हप्ता भरावयाची सोय निघाली, म्हणजे वार्षिक खर्चात एका ओळीची भर पडली.

याच शहरातून २०१४ च्या दिवाळीत एक बातमी साऱ्या देशात गेली. हिऱ्यांचे व्यापारी सावजी ढोलकिया यांनी आपल्या कारागिरांना बक्षीस म्हणून ४९१ मोटारी दिल्या. दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, आणखी १,२६० मोटारींची घोषणा झाली. हिऱ्याला पैलू पाडणारा कारागीर मोटारीचा मालक होतो, ही गोष्ट लहान नव्हे. १९५९ च्या रांगेत उभे राहिलेल्यांना ती स्वप्नवत वाटली असती. २०१४ च्या गाड्या फियाट पुंटो होत्या. कुर्ल्यात साठ वर्षांपूर्वी अवतरलेले तेच नाव, या वेळी पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून. २०१६ च्या गाड्या डॅटसन. यथाकाल फियाटने भारतात मोटारी विकणे बंद केले आणि एप्रिल २०२२ मध्ये डॅटसनचाही येथला व्यवहार आटोपला. सेवा आणि सुटे भाग मिळत राहतील अशी ग्वाही दिली गेली. परंतु बनविणारा बाजार सोडून गेला की जुन्या गाडीचा भाव पडतो, तो कोणत्याही ग्वाहीने सावरत नाही.

डिझेलवर चालणाऱ्या पुंटोच्या मालकाचे दैव जरा बरे. तिचे १.३ लिटरचे इंजिन त्या काळी मारुती आणि टाटा यांच्या अनेक गाड्यांतही बसविले जात होते. त्यामुळे इंजिनाचे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू शकतात. अडचण येते ती फुटलेल्या दिव्याची, चेपलेल्या दाराची, काच वर-खाली करणाऱ्या यंत्राची. ते भाग लेथवर घडत नाहीत. अशा वेळी मोडीत निघालेल्या दुसऱ्या पुंटोचा शोध घ्यावा लागतो.

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१४ च्या दिवाळीतल्या त्या गाड्यांची मुदत २०२९ साली भरेल. फेरनोंदणीचे शुल्क पूर्वी सहाशे रुपये होते, ते १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले. त्याखेरीज तपासणीत उतरण्यासाठी टायर, ब्रेक आणि दिवे यांवर जो खर्च होईल तो निराळा. गाडी बक्षीस मिळाली होती. हा खर्च मात्र मालकाने स्वतःच्या मजुरीतून करावयाचा आहे.