घेवड्याचा वेल : तळटीप
‘गुरुचरित्र’, अध्याय 18. ही कथा कृष्णा-पंचगंगा संगमाजवळच्या अमरापुरातली. भिक्षेला आलेले गुरू नृसिंह सरस्वती दरिद्री ब्राह्मणाच्या दारचा घेवड्याचा वेल उपटून जातात आणि गृहिणी आक्रोश करते. निरूपणात तिला अश्रद्ध ठरवणे सोपे जाते. पण घरात दाणा नसे त्या दिवशी हे कुटुंब याच शेंगांवर राही, आणि त्याच शेंगा तिने नुकत्याच अतिथीला वाढल्या होत्या, हे ‘गुरुचरित्र’कार सरस्वती गंगाधर आधीच सांगून ठेवतात. तक्रार पोटाची आहे. पती तिला समजावतो, वेलाचे मूळ खणतो, तेव्हा द्रव्याचा कुंभ सापडतो; गुरूला ओळखले नाही याची जाणीव त्यानंतरची. म्हणजे पश्चात्ताप ही दानाची किंमत नव्हे. हे फळ पतीच्या श्रद्धेचे, असा आक्षेप येईल. परंतु त्याने खणले ते जागा साफ करण्यासाठी, काही मिळेल म्हणून नव्हे. बायबलच्या गणना ग्रंथात (अध्याय 21) कुरकुरणाऱ्या इस्राएलांना आधी साप डसतात, मग ते पाप कबूल करतात. इथे शिक्षा नाहीच. दोघे शरण येतात तेव्हाही गुरू आशीर्वाद देतात आणि एवढेच बजावतात, की ही गोष्ट कोणाला सांगू नका.