पोट खरंच दुखत होतं

सोमवारी सकाळी ‘पोट दुखतंय’ म्हणणाऱ्या मुलाकडे घरातले सगळे एका विशिष्ट नजरेने बघतात. दहावीत असताना ती नजर मी पुरेशी झेलली आहे. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. मग माझ्याकडे न बघता ते बाबांना म्हणाले, “मुलगा हळवा आहे. टेन्शन घेतो.” विषय संपला. पोटदुखी पुढे दोन वर्षं चालू राहिली.

गंमत म्हणजे मी हळवा होतोच. म्हणून तर ते वाक्य खोडून काढता येईना. स्वभावाचा आणि दुखण्याचा संबंध असेलही; पण ‘संबंध आहे’वरून आपण ‘म्हणजे खरं दुखत नाही’वर कसे पोचलो, हे मला बऱ्याच वर्षांनी शोधावंसं वाटलं.

संबंध असल्याची समजूत फार जुनी आहे. आयुर्वेदात प्रकृती आहेत, दुसऱ्या शतकातल्या गेलेनकडे शरीरातले चार रस आहेत. ‘पित्त खवळलं’ हे आपण डोकं दुखल्यावरही म्हणतो आणि डोकं फिरल्यावरही. मोजमाप मात्र सुरू झालं ते पहिल्या महायुद्धात. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा तोफांच्या माऱ्यात कोलमडू शकतील असे सैनिक आधीच ओळखता यावेत म्हणून रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञाने हो-नाही उत्तरांच्या प्रश्नांची एक यादी तयार केली. ती नीट वापरात येण्याआधीच युद्ध संपलं, पण यादी उरली. पुढच्या काही वर्षांत तिची मुलांसाठीची आवृत्ती निघाली आणि नंतरच्या कितीतरी व्यक्तिमत्त्व चाचण्यांनी तिच्यातूनच प्रश्न उचलले.

त्या प्रश्नांमध्ये भीती, काळजी वगैरे होतंच. शिवाय झोप नीट लागते का, छातीत धडधडतं का, असेही प्रश्न होते. म्हणजे माणसाचा स्वभाव ठरवताना त्याच्या शरीराच्या तक्रारी मोजल्या जात होत्या.

दुसऱ्या महायुद्धात हान्स आयझेंक यांनी लंडनच्या मिल हिल इमर्जन्सी हॉस्पिटलमध्ये दाखल झालेल्या सैनिकांचा अभ्यास केला आणि १९४७ च्या पुस्तकात ‘न्यूरोटिसिझम’ हे स्वभावाचं एक मूलभूत माप म्हणून मांडलं. चटकन अस्वस्थ होण्याचा, काळजी करण्याचा कल, असा त्याचा ढोबळ अर्थ. आज ज्या ‘बिग फाइव्ह’ चाचण्या आपण रात्री दोन वाजता फोनवर देतो, त्यांतही हे माप आहे. १९६५ मध्ये सिबिल आयझेंक यांनी शाळकरी मुलांसाठी वेगळी प्रश्नावली काढली. मोठ्यांच्या प्रश्नावलीत धडधड, थरथर, अंगदुखी यांचे प्रश्न होतेच.

इथला बग माझ्या पेशातल्या कुणालाही लगेच दिसेल. अंग दुखतं म्हणून तुम्ही ‘हो’ला टिक करता. त्या ‘हो’मुळे तुमचा न्यूरोटिसिझमचा आकडा वाढतो. मग संशोधक जाहीर करतात की न्यूरोटिक लोकांचं अंग जास्त दुखतं. इनपुट आणि आउटपुट एकाच कॉलममधून घेतल्यावर दुसरं काय होणार? हे प्रश्न वगळूनही संबंध शिल्लक राहतो, हे पुढे दिसलं, पण आधी वाटला होता तितका तो घट्ट नव्हता.

याच काळात ब्रिस्टलमध्ये जॉन ॲप्ली नावाचे बालरोगतज्ज्ञ शाळकरी मुलांच्या पोटदुखीच्या मागे लागले होते. इस्पितळात येणारी मुलं म्हणजे सगळी मुलं नव्हेत, हे त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी आणि नेश या सहकारी डॉक्टरांनी १,००० शाळकरी मुलांची पाहणी केली. ती १९५८ मध्ये छापून आली. निदान तीन महिन्यांत निदान तीन वेळा, रोजचं काम अडेल इतकं दुखलं तरच मोजायचं, अशी अट होती. तरी सुमारे दहात एक मूल त्यात बसलं. नीट तपासण्या केलेल्या १०० मुलांपैकी जेमतेम ८ जणांमध्ये शारीरिक आजार सापडला. ही मुलं इतरांपेक्षा जास्त घाबरट, चिंताळू, चटकन उत्तेजित होणारी असल्याचं त्यांनी नोंदवलं. त्यांच्या घरातही दुखण्याखुपण्याच्या तक्रारी जास्त होत्या. त्यांचा एक आडाखा अजून शिकवला जातो: दुखणं बेंबीपासून जितकं दूर, तितकी आत खरा आजार असण्याची शक्यता जास्त.

ॲप्ली यांनी मुलांना खोटं ठरवलं नव्हतं. मुलाशी आणि आईबापांशी निवांत बोला, हाच त्यांचा उपचार होता. शिवाय पुढे त्यांनी यातल्या काही मुलांना मोठेपणी पुन्हा गाठलं, तेव्हा बऱ्याच जणांचं काही ना काही दुखतच होतं. पण दवाखान्यांमध्ये झिरपलं ते एवढंच, की ९२ जणांना काही झालेलं नसतं, ती मुलं तशीच असतात.

अमेरिकेत जेम्स पेनबेकर यांनी वेगळा प्रश्न धरला: आपल्याला काही होतंय हे माणसाला कळतं तरी कसं? एका प्रयोगात त्यांनी लोकांना ट्रेडमिलवर चालवलं. काहींच्या कानात त्यांच्याच श्वासाचा आवाज, काहींच्या कानात बाहेरचे आवाज. श्रम तेवढेच, पण स्वतःचा श्वास ऐकणाऱ्यांना दमणूक जास्त जाणवली. वर्गात खोकलाही कंटाळवाण्या भागात जास्त येतो, हेही त्यांचंच निरीक्षण. (कॉलेजच्या लेक्चरमधले आमचे काही मित्र आठवले.) १९८९ मध्ये डेव्हिड वॉटसन आणि पेनबेकर यांनी तोवरचा पुरावा एकत्र मांडला. अस्वस्थ स्वभावाचे लोक शरीराच्या तक्रारी जास्त सांगतात. त्यांच्यात प्रत्यक्ष आजार त्या प्रमाणात जास्त आढळत नाहीत.

या वाक्याचे दोन अर्थ निघतात. एक, अशा लोकांच्या तक्रारीवर विश्वास ठेवू नका. दुसरा, त्यांना शरीर जास्त मोठ्याने ऐकू येतं. सर्व्हरवर अलर्टचा थ्रेशोल्ड खाली ठेवला की रात्रभर फोन वाजतो, पण म्हणून त्यातला आकडा कुणी बनवलेला नसतो. पोटाच्या बाबतीत हे अक्षरशः मोजता आलं. २००१ च्या सुमारास वारंवार पोट दुखणाऱ्या मुलांच्या गुदाशयात छोटा फुगा हळूहळू फुगवून पाहिलं गेलं. इतर मुलांना दुखत नव्हतं अशा दाबाला या मुलांना दुखलं.

पहिला अर्थ मात्र सोयीचा होता, आणि त्याची किंमत इतरांनी मोजली. जठरातले अल्सर कित्येक दशकं ताणतणावाच्या, महत्त्वाकांक्षी स्वभावाच्या खात्यावर होते. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागचा जिवाणू दाखवला आणि त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. पाळीत असह्य दुखणाऱ्या मुलींना ‘सगळ्यांनाच दुखतं, तू जास्त करतेस’ हे ऐकावं लागतं आणि एंडोमेट्रिऑसिसचं निदान व्हायला वर्षानुवर्षं जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने युरोपात १९८० च्या दशकापासून चालणाऱ्या शाळकरी मुलांच्या पाहणीत डोकेदुखी, पोटदुखी, पाठदुखी, चक्कर, झोप न लागणं अशा आठ तक्रारी विचारतात. पंधराव्या वर्षापर्यंत मुली मुलांच्या बऱ्याच पुढे गेलेल्या असतात. ‘स्वभाव’ हे लेबल त्यांनाच आधी चिकटतं, यात मला नवल वाटत नाही.

शिवाय बाण उलटाही फिरतो. दोन वर्षं पोट दुखणारं आणि कुणी न मानणारं मूल चिंताळू होणार नाही तर काय होणार? त्या वेळी माझी चाचणी घेतली असती, तर न्यूरोटिसिझमचा आकडा चांगलाच वर गेला असता.

पोटाच्या अशा तक्रारींच्या व्याख्या ठरवणारा ‘रोम निकष’ नावाचा जागतिक दस्तऐवज आहे. २०१६ च्या आवृत्तीत मुलांसाठीची ‘आजाराचा कोणताही पुरावा नसावा’ ही अट काढून, ‘योग्य तपासणीनंतर दुसऱ्या आजाराने पूर्ण उलगडा होत नसावा’ अशी केली गेली. या तक्रारींना नावही मिळालं, आतडी आणि मेंदू यांच्या संवादातले बिघाड.

रिलीजच्या आदल्या रात्री माझं पोट अजून दुखतं. घरी फोन केला की आई विचारते, “कुठे रे? बेंबीपाशी की बाजूला?” ॲप्लींचं नाव तिने कधी ऐकलेलं नाही. मी बेंबीपाशी म्हणतो. मग ती ओवा खायला सांगते आणि जेवलास का विचारते.