वीरकल्पना : वीरगळापासून अशोकचक्रापर्यंत

वीरकल्पना. समाजाने कोणाला वीर मानावे, कशासाठी मानावे आणि त्याची आठवण कशी राखावी, याविषयीची त्या त्या काळाची धारणा. महाराष्ट्रात या धारणेचा माग सुमारे हजार वर्षे काढता येतो, कारण प्रत्येक काळाने आपल्या वीराची खूण मागे ठेवली आहे. कधी ती दगडावर कोरली, कधी डफावर गायली, कधी स्तंभावर तर कधी पदकावर उमटवली. या खुणा ओळीने पाहिल्या की एक बदल ठळक दिसतो. वीर कसा पडला, यापेक्षा त्याच्या करणीमुळे मागे काय वाचले, याला हळूहळू अधिक मोल येत गेले.

ग्रंथांतली कल्पना मुळातच व्यापक होती. संस्कृत साहित्यशास्त्राने वीररसाचा स्थायिभाव उत्साह मानला आणि क्रोध रौद्ररसाकडे सोपवला. भरताच्या नाट्यशास्त्रात युद्धवीराच्या जोडीला दानवीर आणि धर्मवीर आहेत. विश्वनाथाच्या साहित्यदर्पणात दयावीराची भर पडते. कवचकुंडले उतरवून देणारा कर्ण आणि वज्रासाठी अस्थी देणारा दधीची यांची गणना वीरांत व्हावी, इतकी ही दृष्टी मोकळी होती. गावाच्या वेशीवर मात्र युद्धवीरालाच मान मिळाला, आणि त्याची साक्ष वीरगळ देतात.

वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभी केलेली कोरीव शिळा. महाराष्ट्रातील पुष्कळसे वीरगळ शिलाहार आणि यादव काळातील आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो. अनेकदा शेजारी गाई कोरलेल्या दिसतात, म्हणजे गावाचे गोधन पळवणाऱ्यांशी झुंजताना तो गेला. त्यावरच्या चौकटीत लढाई, तिच्यावर अप्सरा त्याला स्वर्गाकडे नेत आहेत आणि सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. माथ्यावर कलश, बाजूंना चंद्रसूर्य : जोवर ते आहेत तोवर याची कीर्ती राहील, अशी ग्वाही. धारातीर्थी पडलेल्याला स्वर्ग मिळतो ही श्रद्धा शिल्पीने तीनचार चौकटींत मांडली आहे. कर्नाटकातील वीरगळांवर लेख पुष्कळ आढळतात, महाराष्ट्रातील बहुतेक शिळा मात्र लेखाविना आहेत. वीराचे नाव विरून गेले; तो गावासाठी मेला, एवढेच उरले. राजाच्या प्रशस्तीत ज्याला ओळही मिळाली नसती, अशा गुराख्याला किंवा पाटलाच्या पोराला गावाने दगडात अमर केले. मध्ययुगीन सामान्य माणसाचे इतके मनापासून केलेले स्मारक या भूमीत दुसरे नाही.

मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळ या सर्वांत वेगळे आहेत. त्यांवर जमिनीवरच्या लढाईबरोबर आरमारी लढाईही आहे. वल्हेकऱ्यांच्या रांगा असलेली जहाजे एकामागून एक चाल करून येताना दिसतात. तेराव्या शतकात यादव राजा महादेव आणि कोकणचा शिलाहार सोमेश्वर यांच्यात झालेल्या संघर्षाशी अनेक अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. काहींच्या मते ते त्याहून जुने आहेत. वीरगळांच्या अभ्यासात एस. सेट्टर आणि गुंथर सोंथायमर यांनी संपादित केलेला 1982 मधील स्मारकशिळांविषयीचा ग्रंथ पायाभूत मानला जातो.

लढणाऱ्याचे नाव गेले तरी त्याची पूजा थांबली नाही. कित्येक गावांत वीरगळाला शेंदूर लावून देव म्हणून पुजतात. घरातल्या पराक्रमी पूर्वजाचा टाक देवघरात असतो, आणि नाशिकला धुळवडीच्या दिवशी वीरांची मिरवणूक निघते. स्त्रीच्या वाट्याला या काळात आली ती सतीशिळा : कोपरात वाकलेला, बांगड्या ल्यालेला हात. तिचे शौर्य पतीच्या मरणाने मोजले गेले. या धारणेची ही सर्वांत क्रूर बाजू आहे आणि वीरगळांचे कौतुक करताना ती झाकता येत नाही.

संतांनी शौर्याची दिशा आत वळवली. तुकारामांच्या पाइकाच्या अभंगांत धन्यासाठी जिवाची पर्वा न करणारा शिपाई हे भक्ताचे रूप होते. शब्द रणांगणाचे राहिले, शत्रू मात्र मनातला झाला.

सतराव्या शतकात पोवाड्याने वीराला पुन्हा नाव दिले आणि नावाबरोबर घरदारही दिले. अज्ञानदासाचा अफझलखान वधाचा आणि तुळशीदासाचा सिंहगडाचा हे शिवकालाशी निगडित प्रसिद्ध पोवाडे. तुळशीदासाच्या पोवाड्यातल्या, सिंहगड घेताना पडलेल्या तानाजीला मुलाच्या, रायबाच्या, लग्नाची घाई आहे. जिजाबाई सोंगट्यांच्या डावात कोंढाणा, म्हणजे सिंहगडच, मागून घेते. गडावर चढायला घोरपड आहे. जिंजी येथे राजारामाच्या काळात लिहिलेल्या सभासद बखरीत हा सारा संभार नाही. तिथे निवडक मावळे रात्री वानरांसारखे कडा चढून जातात आणि मागून बाकीचे येतात. सिंहगड हे नावही तानाजीच्या मरणामुळे पडलेले नाही; 1670 च्या त्या लढाईपूर्वीच्या पत्रांतही ते सापडते. शाहिराने इतिहासात भर घातली हे खरे. पण लोकांच्या मनात राहिला तो घरचे कार्य बाजूला ठेवून निघालेला तानाजी. वीरगळावरच्या वीराला मागे काय सोडावे लागले हे शिळा सांगत नाही, पोवाडा सांगतो.

एकोणिसाव्या शतकात वाद सुरू झाला तो वीर कोणाचा, याचा. जोतीराव फुले यांनी 1869 मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला आणि त्यांना शूद्र शेतकऱ्यांचा राजा म्हणून उभे केले. लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने 1896 मध्ये रायगडावर शिवजयंतीचा उत्सव झाला. तिथे तेच महाराज परकी सत्तेविरुद्धच्या राष्ट्रीय जागृतीचे प्रतीक ठरले. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी मराठी सत्तेच्या उदयावरील 1900 मधील इंग्रजी ग्रंथात आणखी वेगळा विचार मांडला : एकट्या पुरुषाच्या तेजाने राज्य उभे राहत नाही, त्यामागे साऱ्या समाजाची, संतांचीही तयारी लागते. या तिघांत रानड्यांचे म्हणणे सर्वांत कमी लोकप्रिय झाले, आणि वीरकल्पनेच्या दृष्टीने सर्वांत दूरचे पाहणारे तेच होते.

1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने गाठले आणि 10 मार्चला त्या गेल्या. साहित्यदर्पणातल्या दयावीराला इतके नेमके उदाहरण क्वचितच मिळेल. तरी त्यांचे शौर्य म्हणून हे मरण सांगायला समाजाने फार उशीर केला.

1927 हे वर्ष या संदर्भात मोलाचे आहे. 1 जानेवारीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगाव भीमा येथील जयस्तंभाला भेट देण्यासाठी गेले. 1818 च्या लढाईत ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातून पेशव्यांविरुद्ध लढलेल्या शिपायांची नावे त्या स्तंभावर आहेत. त्यांत ‘नाक’ हे पद शेवटी असलेली महार शिपायांची नावे वाचता येतात. वीरगळावर आकृती होती आणि नाव नव्हते. इथे आकृती नाही आणि नाव आहे. ज्यांच्या सावलीलाही गावात बंदी होती, त्यांचे शौर्य नावानिशी नोंदलेले सापडले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, 20 मार्चला, अस्पृश्यांना बंद असलेल्या महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने पिण्याच्या सत्याग्रहातून शौर्याचा निराळाच अर्थ पुढे आला. सत्याग्रहींवर हल्ला झाला तेव्हा आंबेडकरांनी त्यांना उलट हात उगारू दिला नाही. त्या जमावात फौजेतून निवृत्त झालेलेही होते. त्यांना आवरून धरणे सोपे नव्हते.

गिरणी कामगार बाबू गेनू याच निःशस्त्र शौर्याच्या परंपरेत येतात. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत काळबादेवी भागात विदेशी कापडाचा ट्रक अडवताना ते त्याखाली चिरडले गेले. हातात शस्त्र नव्हते, समोर सैन्य नव्हते, वय बावीस होते.

स्वातंत्र्यानंतर शौर्याची नोंद राज्यसंस्थेकडे आली. युद्धातील सर्वोच्च शौर्यपदक असलेल्या परमवीरचक्राची रचना सावित्रीबाई खानोलकर यांनी केली. त्यावर इंद्राची चार वज्रे आहेत, म्हणजे दधीची पुन्हा आलाच. कारवारजवळ जन्मलेले, बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांना काश्मीरच्या युद्धातल्या एप्रिल 1948 मधील कामगिरीसाठी ते मिळाले. राजौरीकडे जाणाऱ्या रणगाड्यांपुढचे सुरुंग आणि आडवी पाडलेली झाडे ते गोळीबारात काढत राहिले. सर्वांत पुढच्या रणगाड्याखाली सरपटत, दोरी ओढून चालकाला खुणा करत त्यांनी वाट दाखवली. त्यांच्या शौर्याचे सारे मर्म रस्ता मोकळा करण्यात होते. हे पदक हयातीत स्वीकारणारे ते पहिले.

मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला त्या 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी केवळ लाठी हाती असताना हल्लेखोराच्या रायफलीची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेऊनही सोडली नाही. ते मूळचे सातारा जिल्ह्यातील केडंब्याचे, पूर्वी सैन्यात होते. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र हे शांतताकाळातील सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. वीरगळावरच्या लढाईच्या चौकटीत शत्रू अनेकदा पायाखाली मरून पडलेला असतो. ओंबळ्यांच्या पकडीमुळे तो हल्लेखोर, अजमल कसाब, जिवंत हाती लागला, कट कोठे शिजला ते उघड झाले आणि मुंबईच्या न्यायालयात त्याच्यावर वकील देऊन, साक्षी तपासून रीतसर खटला चालला.