सिंहलाची बायको

उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर एक लोककथा सांगतात. तेथील सील हा समुद्रातील प्राणी वर्षातून एका रात्री कातडे उतरवून माणसाचे रूप घेतो. मिकलादालूर गावच्या एका शेतकऱ्याने किनाऱ्यावर नाचणाऱ्या अशा एका तरुणीचे कातडे पळविले, पेटीत कुलूपबंद केले आणि तिला बायको करून घरी आणले. पुढे एके दिवशी तो किल्ली घरी विसरून मासेमारीला गेला, आणि ती आपले कातडे घेऊन समुद्रात परतली. नवऱ्याने चोरी केली, हे या कथेत कोणी लपवीत नाही.

रूप पालटणारी अशी एक नवरी आपल्या छत्रपती संभाजीनगराहून शंभर किलोमीटरवर, अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटक राजा हरिषेण याच्या मांडलिकाने हे लेणे कोरविले. तेथील एक भिंतच्या भिंत सिंहल व्यापाऱ्याच्या कथेने भरली आहे.

सिंहल पाचशे सोबत्यांसह व्यापाराला निघाला, गलबत फुटले. बेटावरच्या सुंदर स्त्रियांनी त्या सर्वांना घरी नेले, संसार थाटले. मग कळले की त्या माणसे खाणाऱ्या राक्षसिणी आहेत. उडणारा पांढरा घोडा धावून आला. मोहाने मागे वळून पाहणारे खाली पडले, एकटा सिंहल सुखरूप घरी पोहोचला. पाठोपाठ ती बायकोही कडेवर मूल घेऊन राजासमोर उभी राहिली : हा माझा नवरा, मला टाकून आला. सिंहल म्हणाला, ही राक्षसीण आहे. राजा तिच्या रूपाला भुलला, त्याने तिला अंतःपुरात घेतले. तिने एका रात्रीत साथिणी बोलावून राजवाडा फस्त केला. प्रजेने सिंहलाला गादीवर बसविले. तो हत्ती-घोडे घेऊन बेटावर चालून गेला, राक्षसिणींना जिंकले आणि बेटाला आपले नाव दिले.

काही वर्षांपूर्वी वाळूजच्या कारखान्यांतील कामगारांना बायकामुलांसह घेऊन आम्ही हे चित्र पाहावयास गेलो होतो. आम्ही रंगून कथा सांगितली. एका कामगाराच्या घरच्या बाईंनी एवढेच विचारले, "मग त्या पोराचं काय झालं?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

आम्ही पंडित नव्हे. जे शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर. पण दोन्ही बाजूंची कैफियत ऐकल्याखेरीज तडजोडीच्या कागदावर सही करू नये, ही आमच्या कामातली सवय आहे. येथे कैफियत एकाच बाजूची आहे. व्यापारी बेटावर उतरला, बेटाच्या बाईबरोबर राहिला, पळून आला आणि शेवटी बेटाचा मालक झाला. मालकी सांगावयाची तर आधी तेथल्या माणसांना राक्षस ठरविणे सोयीचे असते. चित्रकाराचा हात मात्र त्या स्त्रिया रंगविताना कोठे आखडलेला नाही, हे सांगितले पाहिजे.

हीच भूमी, पण दुसरी कथा. श्रीलंकेच्या 'महावंस' या पाली ग्रंथात विजय नावाचा राजपुत्र सातशे माणसांनिशी तेथे उतरतो. झाडाखाली सूत कातीत बसलेली कुवेणी नावाची यक्षिणी त्याला भेटते. (गिरणी कामगारांत वाढलेल्या आम्हाला हे सूत फार जवळचे वाटते.) ती सोळा वर्षांच्या तरुणीचे रूप घेते, त्याची बायको होते, आणि आपल्याच यक्षांना मारण्याची वाट त्याला दाखविते. राज्य हाती आल्यावर विजय मदुरेहून पांड्य राजाची मुलगी मागवितो आणि कुवेणीला जावयास सांगतो. ती मुलांना घेऊन आपल्या लोकांच्या नगरात परतते. तेथे तिला हेर समजून ठार मारतात.

नगराबाहेर बसविलेली तिची दोन मुले, एक मुलगा व एक मुलगी. त्यांचा मामा येऊन त्यांना म्हणतो, तुमची आई मारली गेली, पळा. ती डोंगराळ मलय प्रदेशात पळून जातात, तेथेच वाढतात, आणि त्यांच्यापासून जंगलात राहणारे पुलिंद झाले, असे तो ग्रंथ सांगतो.