दास्यमुक्तीचा इतिहास आणि शालेय अध्यापन : कर्जत-खालापूर परिसरातील वेठबिगारीच्या संदर्भात

प्रस्तावना

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. दूरदेशीच्या दास्यमुक्तीच्या प्रकाशात स्वसमाजातील दास्य ओळखण्याची ही दृष्टी होती. शालेय अध्यापनात मात्र गुलामगिरी ही परदेशातील आणि संपलेली घटना म्हणूनच अनेकदा उरते. खोपोलीसह कर्जत व खालापूर तालुक्यांच्या संदर्भात या विषयाच्या अध्यापनाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उचलीचे बंधन

या परिसरातील कातकरी समाजाचा खैरापासून कात काढण्याचा मूळ व्यवसाय वनकायद्यांमुळे संपुष्टात आला आणि मजुरी हेच उपजीविकेचे साधन राहिले. पावसाळ्यात घरातील धान्य संपले की वीटभट्टी वा कोळसाभट्टीच्या मालकाकडून उचल घेतली जाते. दिवाळीनंतर कुटुंब मुलांसह भट्टीवर जाते. हंगामअखेरच्या हिशेबात उचल फिटली नाही, तर पुढील हंगामही त्याच मालकाकडे जातो. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी नव्हे. परंतु उचलीपोटी मजुराचे अन्यत्र जाण्याचे स्वातंत्र्य हिरावले जात असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ती वेठबिगारीच ठरते.

पलायन आणि कायदा

हॅरिएट टबमन ही १८४९ साली मेरीलँडमधून निसटली व पुढे सुमारे ७० जणांना तिने स्वातंत्र्याकडे नेले. १८५० च्या कायद्यानुसार पळालेल्या गुलामाला मालकाच्या स्वाधीन करणे बंधनकारक होते. म्हणजेच मुक्तीसाठी कायदा मोडावा लागत होता. भारतात स्थिती नेमकी उलट आहे. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस मनाई केली. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियमाने मजुराला मुक्त केले, त्याचे कर्ज रद्द ठरविले आणि ते कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर टाकली. तरीही कायदा आपोआप वाडीवर पोहोचत नाही. ठाणे जिल्ह्यात १९८२ साली स्थापन झालेल्या श्रमजीवी संघटनेला वेठबिगारांच्या मुक्तीसाठी दीर्घ संघर्ष करावा लागला; विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर मुलांसाठी भोंगाशाळा चालविल्या. कर्जत परिसराला तर याचा आणखी जुना वारसा आहे. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगड येथे हुतात्मा झालेले विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांनी त्यापूर्वी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या आणि सावकारी पाशातून सुटण्यासाठी धान्यकोठीचा मार्ग अवलंबिला होता. अक्षर आणि धान्य या दोन्ही गोष्टी मुक्तीसाठी आवश्यक आहेत, हे त्यांच्या कार्यातून स्पष्ट होते.

समारोप

टबमनची कथा सांगून झाल्यावर शिक्षकाने उचल, मजुरी व व्याज यांचा हिशेब फळ्यावर मांडावा आणि १९७६ च्या कायद्यातील तरतुदी सोप्या भाषेत समजावून द्याव्यात. मात्र वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याच्या कुटुंबाचे उदाहरण देऊ नये. कर्जाची लाज हाही या बंधनाचाच भाग असतो. हा पाठ दिवाळीपूर्वीच घेणे इष्ट ठरेल. ज्या मुलांना त्याची सर्वाधिक गरज आहे, त्यांची जागा दिवाळीनंतर वर्गात रिकामी असते.